भीती वाटते म्हणून

नर्सिंगच्या मुलींचा एक तास मी दरवर्षी घेते आणि तो कुणालाच आवडत नाही. माणूस गेल्यावर कोणत्या धर्मात काय करतात, याचा तास. एरवी पलंगावर रबरी पुतळा असतो. यंदा वॉर्डातले घड्याळवाले आजोबा म्हणाले, "माझ्यापाशीच घ्या की. मी ज्यू आहे आणि वाटेवरही आहे. चुका तरी काढीन."

मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"मुसलमान?" मी विचारलं.

"तोंड काब्याच्या दिशेला. अंघोळ त्यांची माणसं घालतात, बाईला बाईच."

"ख्रिस्ती?"

"पाद्रींना आधीच बोलवायचं, बाई. पवित्र तेल लावायला माणूस जिवंत हवा."

"ज्यू?"

इथे आमचा भोंगा पुढे आला. ही मुलगी झोपेतही बोलते, असं तिच्या खोलीतल्या मुली सांगतात. "दफन होईपर्यंत एकटं सोडत नाहीत. कुणीतरी शेजारी बसतं."

"का?"

"त्यांना भीती वाटते म्हणून."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझं डोकं फिरलं. "गेलेल्या माणसाला कसली भीती? मान राखायला बसतात. शून्य."

"अर्धा मार्क द्या तिला," आजोबा खोकत म्हणाले.

मी दिला नाही. मार्क म्हणजे काय खिरापत आहे?

मुली पांगल्यावर आजोबांनी माझा हात धरला. रक्ताचं म्हणावं असं त्यांना एकच माणूस, थोरली बहीण, तीही लांबच्या गावी. "ती पोचेपर्यंत माझ्यापाशी कोण बसेल?"

"बघू," मी म्हणाले. दवाखान्यातली माणसं उठसूट 'बघू' म्हणतात, त्यातलं ते.

त्याच आठवड्यात एका सकाळी ते गेले. बहिणीला फोन केला, तिला पोचायला संध्याकाळ होणार होती. पलंग दुसऱ्या पेशंटला हवा होता, त्यामुळे शवागाराचे मामा स्ट्रेचर घेऊन आले.

"मी जाते बरोबर," भोंगा म्हणाला.

"पोरी, तिथे गारठा आहे आणि बसायला काही नाही," मामा म्हणाले.

तिने वॉर्डातलं स्टूल उचललं.

"तिथे खायचं-प्यायचं नाही. बडबडही नाही," मी बजावलं.

"माहीत आहे, बाई."

दुपारी मी दाराच्या काचेतून डोकावले. दोन स्वेटर घालून ती बसली होती, हात काखेत, तोंड घट्ट मिटलेलं. मी आत जाऊन म्हटलं, ऊठ, आता मी बसते. तिने नुसती मान हलवून नाही म्हटलं. 'बघू' मी म्हटलं होतं आणि बघत होती ती. मीही एक स्टूल आणून शेजारी बसले.

संध्याकाळी बहीण भिंतीला धरत धरत आली. भावाचं तोंड बघण्याआधीच तिने विचारलं, "एकटा होता का?"

"नाही," भोंगा म्हणाला. तिथे बसल्यापासूनचा तो तिचा पहिला शब्द.

म्हातारीने भावाच्या पायांवरची चादर नीट केली. "लहानपणी अंधाराला फार भ्यायचा. माझं बोट धरल्याशिवाय झोपायचा नाही. गाडीत सारखं तेच मनात येत होतं."

मग ती स्टुलावर बसली आणि आम्ही दोघी बाहेर आलो. मी म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. पूर्ण मार्क."

"अर्धाच द्या, बाई," ती म्हणाली. "आजोबांनी तेवढाच सांगितला होता."