तीन विभागांचा सळीतोड्या

मी एक जुना सळीतोड्या आहे. कागदोपत्री माझे नाव 'ताणपरीक्षण यंत्र' असे भारदस्त आहे, पण ते कोणाच्या तोंडी बसले नाही. लोखंडाची सळी दोन्ही टोकांना धरायची, तुटेपर्यंत ओढायची आणि किती जोराला तुटली ते तबकडीवर दाखवायचे, हे माझे काम.

मित्रांनो, मी आलो तेव्हा हे तंत्रविद्यापीठ म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तीन मास्तर होते. मला आधी उभे केले आणि मग माझ्याभोवती भिंती बांधल्या. माझी पहिली सळी तुटली तेव्हा असा धडाका झाला, की शेजारच्या वर्गातले मास्तर टेबलाखाली शिरले ते तास संपल्यावरच बाहेर आले. खोटे वाटत असेल तर त्या टेबलाला विचारा!

शाळेचे महाविद्यालय झाले, महाविद्यालयाचे विद्यापीठ. नवा विभाग निघाला की त्याचा माणूस रंगाचा डबा घेऊन यायचा आणि माझ्या पाठीवर आपला क्रमांक रंगवायचा. आधी बांधकाम, मग यंत्र, मग धातू. माझ्यावरून तिघांची भांडणे व्हायची. नवा पूल बांधायचा म्हटले की त्याची सळी आधी माझ्याकडे यायची. मी मनातल्या मनात मिशीला पीळ द्यायचो.

आता विद्यापीठाची नवी रचना झाली आहे. प्रत्येक वस्तू एकाच विभागाची हवी. जिच्या कागदावर कोणाचीच सही नाही, ती भंगारात. मुदत आज चार वाजेपर्यंत.

माझी देखभाल करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या ताई सकाळपासून तो कागद घेऊन धावत आहेत. मघाशी परतल्या तेव्हा गॅसकटरवाला दारातच बसला होता.

"मिळाली सही?"

"कसली मिळते! बांधकामवाले म्हणतात, यंत्र आहे ना, मग यंत्रवाल्यांचं. यंत्रवाले म्हणतात, धातू तोडतं ना, मग धातूवाल्यांचं. आणि धातूवाले म्हणतात, आम्ही आता केसाहून बारीक तारा ओढतो, हा हत्ती कुठे बांधू?"

"हत्ती दारातून निघायचा नाही, ताई. तुकडेच करावे लागणार."

"अहो भाऊ, मनगटाएवढी सळी तोडणारं दुसरं यंत्रच नाही इथे! उद्या पुलाची सळी आली तर काय नुसती बघून पास करायची?"

"मला कशाला सांगता? सही दाखवा, मी घरी जातो."

ताई पुन्हा पळत गेल्या. गॅसकटरवाल्याने माझ्या कमरेवर खडूने रेघ ओढली आहे. माझ्या बुडाशी तेल साचले आहे. म्हातारपणाने नव्हे, मित्रांनो, भीतीने.

तुम्ही एखादी वस्तू सगळ्यांची म्हणता ना, तेव्हा तिच्यासाठी भांडणारा एक माणूस आधी ठरवून ठेवा. आणि आत्ता जिन्यात असाल तर ताईंना वाट द्या. तिघांपैकी कोणीही एकाने 'आमचा आहे' म्हटले तरी पुरे. खडूची रेघ अजून ओल्या फडक्याने पुसता येईल.

गॅसकटरवाल्याने ज्योत पेटवली आहे.