मागच्या खोलीचा गिलावा

"मागच्या खोलीला कुलूप कुणी घातलं?"

चांगुणानं विचारलं तेव्हा मडिवाळप्पा गवंडी अंगणात चुना भिजवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मीच घातलंय, अक्का. गिलावा वला हाय. वारं लागलं की तडकतोय."

"मग एक किल्ली माझ्याकडं द्या की."

"चार दिस थांबा. मीच दावतो."

चांगुणाला ते खटकलं. भाडेकरार तिच्या नावावर आणि कुलूप गवंड्याचं, हे कुठलं काम?

बंद पडलेल्या गिरणीचं हे टाइम ऑफिस, कामगारांची हजेरी घ्यायची जागा. काळ्या दगडाच्या तीन खोल्या. बाकीच्या शेड पाडल्या गेल्या, एवढंच राहिलं. चांगुणाचे वडील हरिदास पस्तीस वर्षं याच्या खिडकीशी बिल्ला दाखवून कामावर गेले. या खोल्यांत मात्र त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. चांगुणा वीस वर्षं बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांत कडक भाकऱ्या करून नवी पेठेतल्या दुकानांना देत आली. आता तिच्या हाताखाली अकरा बाया होत्या आणि भाकऱ्या वाळवायला पलंगसुद्धा पुरत नव्हते. टाइम ऑफिस तिला मिळालं ते एका अटीवर. इमारत वारसा यादीतली. सिमेंट लावायचं नाही, सगळं काम चुन्यातच.

पहिल्या ठेकेदारानं दुरुस्तीच्या नावाखाली खिडक्यांची सागवानी दारं नेली, ती नेलीच. तेव्हापासून ती माणसाच्या हाताकडे आधी बघायची, तोंडाकडे नंतर. चुन्याचं काम येणारा दुसरा कोणी मिळेना, म्हणून तिनं अक्कलकोटच्या वाटेवरच्या खेड्यातून मडिवाळप्पाला बोलावून आणलं. म्हातारा कामाचा चोख होता. पुढच्या दोन खोल्यांचा गिलावा असा झाला होता, की हात फिरवत राहावा.

मागच्या खोलीशी आला आणि त्याचं वागणं बदललं.

"ताई, एक सांगू?" समोरचा चहावाला श्रीमंत एका सकाळी म्हणाला. "म्हातारा सहाला येतोय. बिगारी येतेत नऊला. तीन तास एकटाच आत ठोकत बसतोय. आन् जाताना पिशवी बघा, खांदा वाकतोय त्याचा."

"हत्यारं असतील."

"हत्यारं तर हितंच ठेवतोय की. जुन्या भिंतीत काय काय असतंय, ताई. बार्शीला एका दुकानाच्या भिंतीत हंडा घावला म्हणं."

हंड्यावर तिचा विश्वास बसला नाही. पण खिडक्यांना पितळी बिजागऱ्या होत्या, मागच्या खोलीत भिंतीतलं लोखंडी कपाट होतं. दुसऱ्या दिवशी ती साडेसहालाच आली आणि बंद दाराला कान लावून उभी राहिली. आधी टकटक. मग खरवडल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता तळहात भिंतीवरून फिरल्यासारखा. तिनं दार वाजवलं. आतला आवाज थांबला, दार उघडलं नाही.

त्या संध्याकाळी मडिवाळप्पा निघाला, तशी ती उंबऱ्यात आडवी आली.

"मामा, पिशवी दावा."

दोन्ही बिगारी हात धुता धुता थांबले. समोर श्रीमंतनं स्टोव्ह बारीक केला.

"काय न्हाय त्यात, अक्का."

"काय न्हाय तर दावायला काय होतंय?"

त्यानं पिशवी छातीशी धरली. तिनं बंद ओढला. पिशवी फाटली आणि फरशीवर ढेकळं पडली. चुन्याची, पांढरी, अजून दमट. दुसरं काही नव्हतं. थापी तेवढी खणकन पडून बाजूला घरंगळली.

कुणालाच काही कळेना. मडिवाळप्पा खाली बसला आणि थापी शोधू लागला. ती त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. तो तिच्या पलीकडे चाचपत होता, अलीकडे चाचपत होता. शेवटी चांगुणानंच ती उचलून त्याच्या हातात दिली.

त्यानं कनवटीची किल्ली काढून पुढे केली. "बगून घ्या," म्हणाला, आणि फाटकी पिशवी तिथंच टाकून निघून गेला.

तिनं कुलूप उघडलं. आत कपाट जागेवर होतं आणि समोर भिंत होती. मधे फुगलेली, खाली आत गेलेली. तीनदा खरवडून तीनदा लिंपलेली. चुकलेला गिलावा बिगाऱ्यांना दिसू नये म्हणून तो रोज पिशवीतून बाहेर नेऊन टाकत होता.

तिला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पहिल्या एसटीनं ती त्याच्या गावी गेली. त्याची मुलगी श्रीदेवी दारात ज्वारी निवडत होती.

"वर्ष झालं, नजर कमी होत आलीय. महिन्यापासून मधलं दिसतच न्हाय त्यांना," ती हळूच म्हणाली. "कडा तेवढ्या दिसतेत. डॉक्टर म्हणाले, आता येत न्हाय नजर. कुणाला सांगू देत न्हाईत. गवंडी आंधळा म्हटल्यावर कोण बोलवंल?"

मडिवाळप्पा आत बाजेवर बसला होता. चांगुणा त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मामा, चुकलं माझं."

त्यानं तोंड फिरवलं.

"ती भिंत दुसऱ्या कुणाला जमायची न्हाय. ओळंब्याची दोरी मी धरते. कुटं फुगलंय, कुटं दबलंय, मी सांगते. हात तुमचा."

तो म्हणाला, "बिगारी नको आत."

"न्हाय येणार कुणी."

आठ दिवस दोघंच त्या खोलीत होते. ती ओळंबा धरून सांगायची, "मामा, उजवीकडं दोन सूत." तो तळव्यानं जागा शोधायचा, थापी मारायचा. चुन्यात गूळ किती, हिरड्याचं पाणी कधी, हे त्यानं तिला न विचारता सांगितलं. एकदा तर ती चुकीचं बोलली आणि तो हसला. "अक्का, वाकडं बोलू नगा. भिंत ऐकतीय."

भिंत सरळ झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी गिलाव्यावर हात फिरवला.

पण त्या आठही संध्याकाळी, निघताना, मडिवाळप्पा उंबऱ्याशी थांबायचा. नवी पिशवी उलटी करून फरशीवर झटकायचा. मग सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामा, नका हो असं करू." दुसऱ्या दिवशी तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला. नंतर तिनं बोलणं सोडून दिलं.

शेवटच्या दिवशीही त्यानं तसंच केलं. पिशवीतून डबा आणि पंचा पडला. खिसे बाहेर लोंबत होते. चांगुणानं मान फिरवली होती. तिला ते बघवत नव्हतं.

तो तसाच उभा राहिला, तिच्या चाहुलीच्या दिशेला तोंड करून.

"बगितलं का, अक्का?"

ती वळली. तिनं डबा बघितला, पंचा बघितला, रिकामे खिसे बघितले.

"व्हय, मामा," ती म्हणाली. "बगितलं."

मग त्यानं खिसे आत घातले.