निवृत्त यानातला कोयता

भागवत मुकादमानं यंदा आसारामचा कोयता ऊसतोडणीला नेला नाही. संपली गोष्ट.

पण असं काही झालंच नाही. खर्डा गावात सगळ्यांनी तसंच धरलंय, तेव्हा आपणही तसंच धरून पुढं जाऊ.

आसारामचा कोयता म्हणजे आसाराम आणि त्याची बायको कडूबाई. तोडणीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक. आणि एक साल घरी बसलेला कोयता गंजला म्हणतात. पुढच्या साली त्याला कुणी मुकादम हात लावत नाही. म्हणून दिवाळी सरल्यावर भागवत जेव्हा मोटारसायकल बंद न करताच म्हणाला, "आसारामदादा, कारखान्यानं मशीन आणलंय. यंदा तुमी दोघं आराम करा," तेव्हा आसारामनं ते कानात घेतलं, पण पुढं जाऊ दिलं नाही. त्यानं भांडी बांधली, गोधड्या बांधल्या, शेळी सोबत घेतली, घराला कुलूप घातलं, "निघालो पुणतांब्याकडं तोडणीला, पाडव्याला येऊ" असं अख्ख्या आळीला ऐकवलं, आणि निघाला.

निघाला खरा, पण जायचं कुठं? गावाबाहेर फाट्यावर एक अंतराळयान पडलं होतं. दोघं त्यात राहायला गेली.

यानाचंही असंच झालं होतं. फाट्याजवळच्या शाळेनं हौसेनं विज्ञान उद्यान काढलं होतं आणि त्यात अमेरिकेच्या पंखवाल्या स्पेस शटलची पत्र्याची प्रतिकृती उभी केली होती. पुढं खरी शटलं निवृत्त झाली. ही बातमी शाळेपर्यंत यायला दहा-बारा वर्षं लागली. खर्ड्याला एसटीसुद्धा वेळेवर येत नाही. शाळेच्या सचिवसाहेबांनी ती जेवताना मोबाईलवर वाचली आणि ताट बाजूला सारलं. "सेवेतून गेलेलं यान दाखवून आपण पोरांचं वाटोळं करतोय!" लगेच नागापूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून नवं यान आलं. पंख नाहीत, काही नाही. पालथ्या घातलेल्या रांजणासारखं. त्याला कुंपण मिळालं, कुलूप मिळालं, उद्घाटनाला आमदारही मिळाले. जुनं क्रेननं उचलून फाट्यावर टाकलं, नाक जामखेडकडं करून.

"फडावरच्या पाचटाच्या कोपीपरीस बरं हाय," कडूबाई आत वाकून बघत म्हणाली. "गळंल का पर?"

"आभाळात हिंडनारी वस्तू हाय ती. गळंल कशी?"

गळलं. पण गावानं साथ चांगली दिली. फाट्यावरून जाणारा माणूस यानाच्या दारात आसाराम बिडी ओढताना बघायचा आणि विचारायचा, "काय आसाराम, पुणतांब्याला थंडी कशी हाय?"

"लई हाय."

"ऊस?"

"समदा आडवा पडलाय. हात सोलून निघत्यात."

एवढं बोलून आसाराम हात पाठीमागं घ्यायचा. कारण हात सोलून निघत नव्हते. उलट घट्टे मऊ पडायला लागले होते. मुकादम हात बघून कोयता ठरवतो. म्हणून कडूबाई त्याला पहाटे उठवून वेड्या बाभळींवर सोडायची आणि स्वतःही कोयता घेऊन उभी राहायची. दोघांनी मिळून फाट्याचा एवढा परिसर साफ केला, की ग्रामपंचायतीनं स्वच्छतेचा फोटो काढला. फोटोत माणसं आली नाहीत. ती पुणतांब्याला होती.

दरम्यान, मशीनला मुकादम लागत नाही हे भागवतलाही कळलं. तोही "निघालो" म्हणून घराबाहेर पडला म्हणे. कुठं राहतो, ते कुणी विचारत नाही.

एकदा शाळेच्या पूजा मॅडम शेळीच्या दुधासाठी थांबल्या. आसारामनं विचारलं, "मॅडम, ही खरी यानं आता काय करत्यात?"

"संग्रहालयात असतात, काका. एसी हॉलमध्ये. लोक तिकीट काढून बघायला येतात."

"आन काम?"

"काही नाही. नुसतं उभं राहायचं."

आसारामनं बिडी विझवली. "ज्यास्नी तिथं जागा न्हाई मिळत, त्यांचं?"

"बाकी पुष्कळ जुनी यानं लांब समुद्रात पाडतात. जिथं माणूस-काणूस नाही, अशा जागी."

कडूबाईनं भाकरी उलटली. "आपल्याला समुंदर लांब पडंल," ती म्हणाली.

संक्रांत झाली आणि जामखेडचा फैयाज भंगारवाला टेम्पो, गॅस कटर घेऊन आला. शाळेनं यान त्याला दिलं होतं. त्यानं पत्र्यावर थाप मारली. "चाचा, आत कोण हाय?"

"कोनी न्हाई. आमी पुणतांब्याला हाय."

फैयाजनं कटर खाली ठेवला. "बरं. मग पुणतांब्याचं सामान जरा भाईर काढता का? पत्रा कापायचाय."

कडूबाई गोधड्या घेऊन बाहेर आली. "आमालाबी टाक की टेम्पोत. आमीबी जुनंच हाय."

"मौसी, पत्रा वितळवून नवा करता येतो." फैयाजनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "माणसाचं काय करू?"

त्यानं आधी पंख कापले. दुपारपर्यंत यान गेलं. मोकळ्या माळावर चूल राहिली, शेळी राहिली आणि एक कोयता, चारी बाजूंनी स्वच्छ दिसणारा. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी माना दुसरीकडं वळवल्या. आता विचारायचं तरी काय? लपायला पत्राच नव्हता.

संध्याकाळी पूजा मॅडम शाळेतून निघाल्या, तेव्हा आसारामनं त्यांना थांबवून अर्ज लिहून घेतला.

"प्रति, मा. संचालक, संग्रहालये.
विषय : निवृत्त कोयता, नग एक, जतन करणेबाबत.

महोदय, आम्ही उभयता तोडणीच्या सेवेतून निवृत्त झालो असून आमच्या जागी मशीन रुजू झाले आहे. तरी आम्हांस शटलशेजारी उभे करावे. आम्हांस पुसण्यास माणूस नेमू नये, आम्ही एकमेकांस पुसू. चुलीस परवानगी असावी. पाडव्यास परत येण्याचे गावास सांगून ठेवले असल्याने निर्णय त्यापूर्वी व्हावा. संग्रहालयात जागा शिल्लक नसल्यास समुद्र खर्ड्याजवळ आणण्यात यावा, ही नम्र विनंती."