गळ नसलेली दोरी

दर ऑगस्टमध्ये आठवडाभर नॉरफोकच्या किनाऱ्यावर राहायचं, हा ओल्डरॉयडांच्या घरचा तीस वर्षांचा शिरस्ता. कीथची बायको ब्रेंडा फेब्रुवारीत वारली, तरी कीथने तो मोडला नाही. आठ वर्षांच्या नातीला, हेटीला घेऊन तो शनिवारी तिथल्या कॅरव्हॅनवर, त्यांच्या चाकांवरच्या घरात आला. पण पोरीने तोंड उघडलं नाही. चिप्स आणल्या तर चार खाल्ल्या, किनाऱ्यावर फिरवतात त्या गाढवावर बसवली तर दगडासारखी बसून राहिली. सोमवारी सकाळी तिच्या आईचा, जोआनचा फोन आला.

"बाबा, मी चारला येते आणि नेते तिला. तुम्हालाही झेपायचं नाही ते."

"चारपर्यंत बघतो," कीथ म्हणाला. "नकोच म्हणाली तर ने."

त्याने फोन ठेवला. आज पोर परत गेली, तर पुढच्या वर्षी कुणी येणार नव्हतं. तोसुद्धा नाही.

सोमवार म्हणजे खेकड्यांचा दिवस. ते सगळं ब्रेंडाचं खातं. ती पोरांना घेऊन धक्क्यावर जायची. कीथ वाळूत वारा अडवायला कापडी आडोसा ठोकायचा, थर्मास भरायचा आणि पेपर तोंडावर घेऊन झोपायचा. त्यामुळे दोरी त्याने कधी हातात धरलीच नव्हती. त्याने दुकानातून दोरी घेतली, आमिषाला बेकन घेतलं, आणि मासे धरायचा चांगला मोठा गळ घेतला.

धक्क्यावर पोरं पालथी पडून पाण्यात बघत होती. कडेला घडीच्या खुर्चीवर पेगबाई बसल्या होत्या. दरवर्षी असतात. त्यांनी गळ पाहिला.

"अहो ओल्डरॉयड, देवमासा धरायला आलात की काय?"

"खेकडे," कीथ म्हणाला.

"मग त्यांना टोचता कशाला?"

कीथने ऐकलं नाही. दोरी सोडली, ओढ बसल्यासारखी वाटली, त्याने हिसका दिला. खेकडा पाण्याबाहेर आला आणि टुपकन परत पडला. दुसराही पडला. तिसरा तर बेकन घेऊन गेला.

हेटी बाह्यांत हात ओढून उभी होती.

"असं नाही," ती म्हणाली.

शनिवारपासूनचा हा पहिला शब्द. कीथने दोरी खाली ठेवली.

"मग कसं?"

"गळ नसतो. आजी मोज्यात बेकन भरायची. तिच्या लांब, पातळ मोज्यात. खेकड्याची नांगी त्यात अडकते. आणि हावरट असतो ना तो, सोडतच नाही."

"कुठले मोजे?"

"कॅरव्हॅनमधल्या, खिडकीखालच्या खणातले."

तो खण ब्रेंडाने गेल्या ऑगस्टमध्ये बंद केला होता. पुढच्या वर्षी लागतील म्हणून चार वस्तू तिथेच ठेवून. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

"नवे विकत आणू," तो म्हणाला.

हेटीने मान खाली घातली आणि पुन्हा बाह्यांत हात ओढले. कीथने ते पाहिलं. बादली उचलली.

"चल."

खणात पावसाळी टोपी होती, पेपरमिंटचं अर्धं पाकीट होतं आणि मोजे होते, एकात एक गुंडाळलेले. ब्रेंडा तसेच गुंडाळायची. त्याने ते उलगडले आणि कात्री हातात धरून नुसताच बसला.

"आजी रागावेल?" हेटीने विचारलं.

"पेपरमिंट संपवली तर रागावेल," कीथ म्हणाला. "मोज्याचं तिनेच शिकवलंय ना."

त्याने टाचेपाशी कापलं. हेटीने त्यात बेकन भरलं आणि गळाच्या जागी तो दोरीला गाठ मारून बांधला. पेपरमिंट दोघांनी एकेक खाल्ली.

ते धक्क्यावर परतले तेव्हा भरती चढली होती. या वेळी दोरी हेटीने धरली. हात इतका हळू, की बघणाऱ्याला वाटावं पोर ओढतच नाही. खेकडा वर आला, दोन्ही नांग्यांनी मोज्याला लटकलेला. थेट बादलीत.

"बघा, जमलं की!" पेगबाई म्हणाल्या. "आजोबांना घाला शाळेत."

"ते फार हिसके देतात," हेटी म्हणाली. आणि मग बोलतच सुटली: आजी कुठे बसायची, कुणाची चप्पल पाण्यात पडली, आजी कशी हसली. बोलता बोलता रडलीही. कीथने रडू दिलं, बादली तेवढी सावरून धरली.

चार वाजेपर्यंत बादलीत सात खेकडे झाले. धक्क्याच्या उतारावर बादली आडवी केली, तसे सगळे तिरके तिरके पाण्याकडे पळाले. हेटी शेवटच्याला "पळ, म्हाताऱ्या!" म्हणत टाळ्या वाजवत होती, तेव्हा जोआन आली. हातात गाडीच्या किल्ल्या.

"आई, आत्ता नको," हेटी म्हणाली. "शनिवारी ये. आजोबांना अजून नीट ओढता येत नाही."

जोआन काही बोलणार होती. पण दोरीच्या टोकाशी तिची नजर गेली. तिने तो ओला, तपकिरी मोजा हातात घेतला, गाठीवरून अंगठा फिरवला. किल्ल्या खिशात टाकल्या आणि बूट काढून बापाशेजारी धक्क्यावर बसली.

"द्या इकडे दोरी," ती म्हणाली. "बाबा, बघा. आई म्हणायची, झोपलेलं बाळ उचलतात ना, तसं."