सतरा इंची चाकं

मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी लेकाच्या फ्लॅटमध्ये अडकून पडले होते. खोली छान, खिडकी मोठी, सूनबाई वेळच्या वेळी गोळ्या हातात ठेवणारी. पण आपलं घर ते आपलं घर. माझं घर आहे टेकडीवर, आणि शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड. डॉक्टरांनी बजावलं होतं, खुशाल जा, पण पाठीला हादरे बसता कामा नयेत. एकदा निघालो होतो. पहिल्याच चढावर पाठीतून अशी कळ गेली की मी लेकाचा यथेच्छ उद्धार केला आणि गाडी मागे फिरवायला लावली. त्या दिवशी मला वाटलं, संपलं, आता आपलं घर काही आपल्याला दिसत नाही.

गाडी तशी लहानसहान नाही. उंच, ऐसपैस, सात माणसं मावतील अशी. पण चिरंजीवांनी हौसेनं तिला वीस इंची चकचकीत चाकं बसवून घेतलेली. त्यांचे टायर पार गुळगुळीत झाले होते, नवे घ्यायचेच होते, आणि हा बाबा पुन्हा तसल्याच चाकांचे फोटो मोबाइलवर बघत बसलेला. सूनबाई म्हणाली, "या वेळी मी निवडणार."

तिचं काम नाजूक वस्तूंच्या पॅकिंगचं. जुनी झुंबरं, फुलदाण्या, संग्रहालयातले पुतळे, असलं काही या गावाहून त्या गावाला पाठवायचं असलं की तिला बोलावतात. म्हणून मी तिला पॅकिंगवाली म्हणते, अगदी तोंडावर. हसते बिचारी. टायरमधलं हिला काय कळणार, असं मी मनात म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. ही एवढी धडपडतेय ती म्हातारीला एकदाची घरी पोचवून मोकळं व्हायला.

दुकानात मला टेकायला खुर्ची दिली. भिंतभर चाकं टांगलेली, सगळ्यात मोठी सगळ्यात वर.

"ही घ्या, गाडीचा रुबाब वाढतो," दुकानदार म्हणाला. लेकाचे डोळे लगेच चमकले.

सूनबाईनं त्या चाकावरच्या टायरला बोटं लावून पाहिली. लोखंडी कड आणि जमीन यांच्यामध्ये रबर कसंबसं चार बोटं. मग तिनं सतरा इंची चाकाच्या टायरवर तशीच चार बोटं ठेवली, तरी आणखी दोन बोटं रबर उरलंच. "धक्का रबरानं खायचा असतो," ती नवऱ्याला म्हणाली. "रबरच नसेल तर तो आत बसलेल्या माणसाला खावा लागतो. मी फुलदाणीखाली फोम घालते, लोखंड नाही घालत."

"म्हणजे मी फुलदाणी झाले वाटतं," मी म्हटलं.

"फुलदाणी बोलत नाही, आई. तुमचं काम अवघड आहे."

दुकानदार खो खो हसला. मेल्याला हसायला काय झालं.

"गाडी बुटकी दिसेल गं," लेक कुरकुरला.

"चाक लहान, पण टायर जाड. बाहेरून उंची तेवढीच राहते." दुकानदारानंही मान डोलावली. याच गाडीच्या साध्या मॉडेलला कंपनी हीच चाकं देते म्हणे. तरी तिनं एक चाक बसवून घेतलं, हातानं फिरवून आत ब्रेकला घासत नाही ना ते बघितलं, टायर किती वजन पेलेल तो त्याच्या अंगावरचा आकडा तपासला. लेकानं चिखलात चालणारे खवल्याखवल्यांचे टायर पुढे केले. ते कडक म्हणून तिनं नाकारले. चारही चाकं चढल्यावर म्हणाली, "आता मागच्या फुटक्या रस्त्यानं फिरवून आण," आणि कामावरच्या कपड्यांत मागच्या सीटवर सरळ आडवी झाली. डोळे मिटून, हात पोटावर. मी बघतच राहिले.

परत आल्यावर म्हणाली, "पाठीला लागतंय. हवा जास्त झालीय." गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं हवेचा आकडा चिकटवलेला असतो, तो तिनं दुकानदाराला दाखवला. तेवढी हवा ठेवली, आणि ही पुन्हा आडवी. दुसऱ्यांदा उतरली ती समाधानानं मान डोलावतच. सासूसाठी भर दुकानात असं कोण आडवं पडतं? मी तर माझ्या सासूसाठी पडले नसते.

रविवारी निघालो. गाडी तीच चालवत होती, लेक शेजारी. "दुखलं तर शिव्या द्या, मी थांबेन," म्हणाली. चढ आला, दगड आले. मी दात आवळून कळेची वाट बघत बसले. गाडी डुलत होती, पण पाठीपर्यंत काही पोचत नव्हतं. वाट बघता बघता माझं फाटक आलं. जीव भांड्यात पडला.

तिनं खिडक्या उघडल्या, पाणी भरलं, अंथरूण घातलं. निघायची वेळ झाली तशी माझी जीभ सुटलीच. "झालं ना मनासारखं? पोचवलंस. आता सुटलीस."

तिचा चेहरा पडला. मग शांतपणे म्हणाली, "आई, एकदाच पोचवायचं असतं तर चार माणसं लावून खुर्चीसकट उचलून आणलं असतं. टायर घेतले ते दर शनिवारी यायला. तुम्हाला कंटाळा आला की तिकडे न्यायला, तिकडे आला की इकडे आणायला. पाच-सहा वर्षं तरी टिकतात, मी विचारून घेतलंय."

मला गप्प करणं सोपं नाही. मी विचारलं, "आणि सहा वर्षांनी?"

"नवे घेऊ," ती म्हणाली, आणि चपला घालू लागली.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पुढच्या सहा वर्षांनंतरचं माझ्याशी कोणी इतकं सहज बोलत नाही. मला रडू आलं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही.