उभी राहिलेली भिंत

मी बंबाचा भोंगा तीनदा दाबला आणि पेटलेल्या गोदामातून आमची माणसं खोकत बाहेर आली. सर्वांत शेवटी साहेब.

“काय झालं, काका?”

“भिंत फुगल्यासारखी वाटली, साहेब.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंत थोरल्या जावेसारखी ताठ उभी.

नियम साहेबांनीच आणलेला. धोका दिसला की कोणीही, अगदी बंबाच्या चालकानंही, भोंगा द्यायचा. आतल्यांनी हातातलं टाकून निघायचं, साहेबांनीसुद्धा. आमच्याकडे आजवर हुकूम वरून खालीच यायचा. मागच्या साहेबांच्या वेळी छत कुरकुरताना दोघांनी ऐकलं होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? छत कोसळलं, माझा जोडीदार आतच राहिला. तरीही या नियमाला सगळ्यांत जास्त मीच हसलो होतो. “उद्या बंबही साहेबांना हुकूम सोडेल,” म्हणालो होतो.

आता हसं माझंच झालं. विझत आलेली आग पुन्हा भडकली. गोदामाचा मालक कपाळावर हात मारून ओरडत होता, “अहो, आणखी जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं?” पाण्याची नळी धरणारा आमचा लंबू पुटपुटला, “काकांना चष्मा लागला वाटतं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब एक शब्द जरी लागट बोलले असते, तर पुन्हा कोणी भोंग्याला हात लावला नसता. मी तर नाहीच.

साहेबांनी तोंडावरची काजळी पुसली. भिंतीकडे नीट पाहिलं.

“मला नाही वाटत ही पडेल,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पण काकांना वाटलं, म्हणून आपण बाहेर आलो. बरं केलंत, काका. पुढच्या वेळीही असंच करा.” मग मालकाकडे वळले. “बोलायचं ते मला बोला.”

माझा जीव भांड्यात पडला.

बाहेरूनच पाणी मारत राहिलो. दुप्पट वेळ लागला. भिंत काही पडली नाही.

परतताना लंबू माझ्या नसलेल्या चष्म्याची थट्टा करता करता दाराशेजारीच झोपी गेला. ती जागा माझ्या जोडीदाराची. आरशात पाहिलं, गेलो होतो तेवढे सगळे होते. वळणावर सवयीनं हात भोंग्याकडे गेला. रस्ता मोकळा होता. हात मागे घेतला आणि गाडी हळूच वळवली.