जोड्यांची फळी

आमच्या प्रार्थनागृहात व्यासपीठापेक्षा जोड्यांची फळी जास्त पवित्र आहे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतभर खण आणि प्रत्येक खणावर एकेका सभासदाचं नाव. लहान मुलांना पहिला धडा मिळतो तो याच फळीपाशी: आपल्या संस्थापकांची आज्ञा आहे, जगाची घाण बाहेर ठेवा आणि अनवाणी आत या. ज्याला मंडळीतून काढतात त्याच्या खणावर लाकडाची पट्टी ठोकतात. खण बंद म्हणजे त्याच्याशी बोलणं बंद, त्याच्यासोबत जेवणं बंद आणि मेल्यावर मागच्या आवारातली दफनाची जागाही बंद.

संस्थापक म्हणजे माझे वडील. ते जोडे दुरुस्त करायचे. आज्ञा देणारा माणूस नव्हेच तो. घरातलं मांजरसुद्धा त्यांचं ऐकत नसे.

घडलं होतं ते एवढंच. मोठ्या चर्चमध्ये एका धोबिणीला मागे उभं राहायला सांगितलं, कारण तिच्या फाटक्या जोड्यांतला चिखल गालिच्याला लागत होता. वडिलांच्या ते मनाला लागलं. रविवारी माझ्या दुकानात ये, तिथे गालिचा नाही, असं ते तिला म्हणाले. ती आली आणि सोबत दहा जणांना घेऊन आली. कुणीतरी वाचायचं, बाकीचे गायचे. वडील बोलताना अडखळायचे, म्हणून प्रवचनाच्या फंदात पडलेच नाहीत. ते सगळ्यांचे जोडे काढून घ्यायचे आणि गाणी संपेपर्यंत शिवून द्यायचे. एकदा एक जण मोज्यांची भोकं दिसतील म्हणून दारातच घुटमळला. वडील त्याला म्हणाले, "अरे, काढल्याशिवाय शिवणार कसे?" पुढे मंडळीने छापलेल्या वडिलांच्या वचनांच्या पुस्तकात त्याचं झालं, 'जोडे काढल्याशिवाय कुणी आत येऊ नये.' शिवण्याचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

दुसरी गोष्ट तर पुस्तकात नाहीच. दुकानातली प्रार्थना आटोपली की वडील हात धुऊन त्याच मोठ्या चर्चमध्ये जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि तिथली प्रभुभोजनाची भाकर घ्यायचे. मरेपर्यंत जात होते. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "येशू स्वतः आपल्या आईबापांच्या सभास्थानात जातच राहिला. मी कोण लागून गेलो वेगळी चूल मांडणारा?" ते गेले आणि वर्षाच्या आत लोकांनी त्यांच्या नावाने चूल मांडली. पाटी लागली, घटना छापली, पंच नेमले.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही भुंगा म्हणायचो, कारण चालताना तो सतत कुठलं तरी गाणं गुणगुणत असायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा खण बंद झाला. गुन्हा काय, तर आजारी बायकोला घेऊन तो तिच्या चर्चमध्ये गेला आणि तिथली भाकर घेतली. बापाने जन्मभर जे केलं तेच पोराने एकदा केलं. हे मी पंचांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. संस्थापकांची मुलगी म्हणून पहिल्या रांगेत बसायची मला सवय झाली होती, आणि ती जागा जाईल याची भीती वाटली. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

वडिलांचं दुकान मी चालवते. त्यानंतरही तो रोज त्या दुकानावरून जायचा. मी मान वर न करता टाके घालत राहायचे आणि ते गुणगुणणं कोपऱ्यापर्यंत ऐकायचे. बायको गेल्यावरही तो गुणगुणत होता, फक्त चाल संथ झाली होती.

गेल्या मंगळवारी सकाळी इस्पितळातून निरोप आला. मी पोचले तेव्हा त्याला शुद्ध होती. इतक्या वर्षांनी समोर आलेल्या बहिणीला त्याने एका शब्दानेही दोष दिला नाही. "ताई, मला बाबांजवळ ठेव," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. दुपारी तो गेला.

परिचारिकेने त्याचे कपडे आणि जोडे पिशवीत घालून दिले. हाताच्या सवयीने मी एक जोडा उलटा केला. तळाला अंगठा जाईल एवढं भोक होतं आणि आतून पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. बाप जोडे शिवणारा, बहीण जोडे शिवणारी आणि हा पुठ्ठ्यावर चालत होता. तिथल्याच बाकावर बसून मी पोटभर रडले.

आमचे पंच नाही म्हणतील या धास्तीने आधी त्याच्या बायकोच्या चर्चमध्ये जाऊन आले. तिथले पाळक सज्जन आहेत, त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. पण भावाचं नाव त्यांच्या यादीत कधी चढलंच नव्हतं, आणि यादीबाहेरच्याला जागा देता येत नव्हती. एक भाकर खाल्ली म्हणून आमच्यांनी त्याला हाकललं, आणि ज्यांची खाल्ली त्यांच्याकडे त्याची नोंदच नव्हती.

बुधवारी आमच्या पंचांची बैठक बसली. सचिव त्या धोबिणीचा नातू. त्याला मी कडेवर खेळवलं आहे. मावशी, तुम्ही बाहेर थांबा, मी बोलतो, असं म्हणून तो आत गेला. मी फळीजवळच्या स्टुलावर बसले. नुसतं बसवेना म्हणून पिशवीतून आरी आणि मेण लावलेला दोरा काढला. दुकानातून चामडं कापून आणलंच होतं. भावाच्या जोड्यातला पुठ्ठा उपसला आणि नवा तळ बसवायला घेतला. आत मध्येच आवाज चढायचा, तेव्हा समजायचं की वडिलांच्या नावावरच्या पुस्तकातलं वाचताहेत. वडिलांचा स्वतःचा आवाज कधी एवढा चढला नव्हता.

दोन्ही जोडे झाले तरी दोरा उरला. समोरच्या खणात सचिवाचे जोडे होते आणि एकाची टाचेजवळची शिवण उसवली होती. उसवलेलं दिसलं की माझा हात स्वस्थ बसत नाही. तिथेही चार टाके घातले आणि जोडा जागेवर ठेवला.

सचिव बाहेर आला तो माझ्याकडे न बघताच.

"मावशी, खण बंद आहे. नियम संस्थापकांचा आहे, आमचा नाही."

"त्यांचा मुलगा आहे रे तो."

"म्हणून तर जमत नाही. घरच्यांनाच सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगायचं?"

"तुझ्या आजीचे जोडे कुणी शिवले होते, ठाऊक आहे तुला?"

"पुस्तकात आहे ना. तिने जोडे बाहेर काढले आणि ती शुद्ध झाली."

तो दुष्ट नाही. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने जोडे पायात घातले, टाच जमिनीवर आपटून नीट बसवली आणि पायऱ्या उतरून निघून गेला. शिवण कुणी घातली हे राहू दे, घातली आहे हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी भावाला नगरपालिकेच्या दफनभूमीत कुंपणालगत जागा मिळाली, बाबांपासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. खड्डा खणणारे दोघे, सुट्टी घेऊन आलेली ती परिचारिका आणि मी, एवढेच होतो. प्रार्थना म्हणायला कुणी नव्हतं. मी गाणं सुरू केलं, पण शब्द आठवेनात, मग नुसतंच गुणगुणले. पेटीचं झाकण लावण्याआधी मी त्याच्या पायांत जोडे चढवले. खणणाऱ्यांपैकी एक म्हणाला, बाई, आता जोडे कशाला, त्याला कुठे चालायचंय? त्याचं बरोबरच होतं. तरी मी तळावरून बोट फिरवून टाके पुन्हा एकदा पाहिले.

एकोणीस वर्षं तो माझ्या दुकानावरून जात होता. एक हाक मारली असती, तर नवा तळ बसवणं थोड्या वेळाचं काम होतं.